ए कौसे, ऊठ

दसरा झाला की माझ्या वर्गातला आवाज कमी होत जातो. एकदम नाही. आधी मागच्या रांगेतली दोन-चार दप्तरं दिसेनाशी होतात, मग कुणाची तरी धाकटी बहीण येत नाही, आणि दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा हजेरी घेताना मीच काही नावं गाळून पुढं जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. 'बाई, ते कारखान्याला गेलेत.' कारखाना म्हणजे साखर कारखाना आणि गेलेत म्हणजे ऊस तोडायला, हे बीडच्या शिक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. रस्त्यानं ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीत भांडी, बाज, सरपण, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. शाळेच्या फाटकापाशी गाड्यावर सीताफळं आलेली असतात. पहाटे गार वारं सुटतं. बाकीच्यांना हे दिवस छान वाटतात. मला या दिवसांत माझाच आवाज नकोसा होतो.

आवाज माझा मुळातच मोठा. मी 'उभे राहा' म्हटलं की भिंतीपलीकडची तिसरीही उभी राहते, असं आमचे मुख्याध्यापक चारचौघांत सांगतात, आणि ते कौतुक नसतं. लहानपणी उसाच्या फडावरच्या बायका म्हणायच्या, कौसाची पोरगी जन्मली तीच बोंबलत. कौसा म्हणजे माझी माय, कौसाबाई. आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. माय-बाप दरसाल ऊसतोडीला जायचे, आणि शाळेत घालेपर्यंत मीही त्यांच्याबरोबर फडावर असायचे. राहायला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. धाकटा भाऊ दत्ता तेव्हा झोळीत.

पहाटे मुकादम यायचा. टोळी घेऊन जाणारा आणि सगळ्यांच्या कामावर नजर ठेवणारा तो माणूस. कोपीच्या दाराशी उभा राहून एकेकीला नावानं हाक मारायचा. 'ए कौसे, ऊठ. गाडी लागली फडाला.' कौसेतला 'से' लांबवायचा आणि 'ऊठ' कोयत्यानं कांडं तोडावं तसा तोडायचा. माय डोळे उघडायच्या आत म्हणायची, 'उठले, उठले.' आधी उत्तर, मग जाग. दुपारी भाकरी खाताना बायका मला म्हणायच्या, 'रंजे, मुकादम कर की.' मी कमरेवर हात ठेवून हुबेहूब हाक मारायचे आणि सगळ्या पोट धरून हसायच्या. माय पदर तोंडाला लावून हसायची. एवढी हसताना ती मला एरवी कधी दिसायची नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा मुकादम करायचे.

आमच्याकडं 'आराम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आजारी माणसाच्या घरी कुणी आलं की विचारतं, 'आराम हाय का आता?' म्हणजे बरं वाटतंय का. आणि निघताना सांगतं, 'आराम करू द्या त्यान्ला.' म्हणजे पडू द्या. पडून राहिलं की माणूस बरा होतो हे आमच्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही, ते बोलण्यातच मुरलेलं आहे. आमच्या मायला दोन्हींतला कुठलाच आराम ठाऊक नव्हता. दुपारी पाठ टेकली आणि कुणाची चाहूल लागली तर ती चोरी पकडल्यासारखी उठून बसायची आणि उगीच सूप हातात घ्यायची.

तर अशाच सीताफळांच्या दिवसांत, काही वर्षांमागं, ती आजारी पडली. ऊसतोड तिनं केव्हाच सोडली होती. बाप वारला, मी नोकरीला लागले, दत्ता गावी शेती बघायला लागला, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला बजावलं की बस झालं. ती दत्ताजवळ राहायची. खोकला होता, तर म्हणे काढा घेतलाय. ताप होता, तर म्हणे अंग कसकसतंय नुसतं. दत्तानं शेवटी तिला जीपमध्ये घालून बीडला आणलं तेव्हा तिला धड वाक्य बोलता येत नव्हतं, मध्येच दम लागायचा. न्युमोनिया निघाला. दवाखान्यात त्याच दिवशी आयसीयूत घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तोंडात नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवलं.

बाहेर बाकावर गावची माणसं येऊन बसायची. कुणी डबा आणी, कुणी सीताफळं. ती तिथंच पिशवीत पिकून फुटायची, कारण खायचं कुणाला सुचत नव्हतं. 'आराम हाय का?' 'हाय जरासा.' 'चला, आता आराम करू द्या म्हातारीला. लई केलं तिनं जन्मभर.' मी मान डोलवायचे. मलाही तेच वाटत होतं. वाईट वाटायचं नाही असं नाही, पण मनाच्या एका कोपऱ्यात मी म्हणत होते, झोपलीय तर झोपू दे. निदान आता तरी तिला कुणी हाक मारत नाहीये.

आणि तिथं फरहीन आली. फिजिओथेरपिस्ट. बीडचीच, वडलांचं टू-व्हीलरचं गॅरेज. चष्मा, डोक्याला ओढणी घट्ट, आणि चालणं असं की हिला कुठंतरी बस पकडायचीय. झोपेचं औषध कमी केलं होतं, माय डोळे उघडून बघत होती. फरहीननं तिचे घोटे फिरवले, गुडघे दुमडले, 'आजी, माझा हात दाबा' म्हणाली. मग माझ्याकडं वळून सहज बोलावं तसं बोलली, 'ताई, उद्या आजीला बसवायचं.'

'बसवायचं? तोंडात नळी असताना?'

'नळी सिस्टर धरतील. डॉक्टरसाहेबांना विचारलंय. ऑक्सिजन बरा हाय, बीपी बरा हाय, मग थांबायचं कावून?'

'अहो, तिला जरा आराम पडू द्या, मग बसवा.'

'बसवलं तर आराम पडेल ताई.' मग हसली. 'आमच्या पप्पांकडं लोक गाडी आणतात. म्हणतात, वापरली बी न्हाई हो, नुसती उभी व्हती, तरी चालू होईना. पप्पा म्हणतात, उभी व्हती म्हणूनच होईना.'

मला हसू आलं आणि त्याच क्षणी मी तिच्या बाजूची झाले. पडून राहिलं की मांडीचं मांस कसं झडतं, छातीत कफ कसा साचतो, मशीन सुटलं तरी माणूस खाटेला कसा चिकटतो, हे तिनं मला नीट सांगितलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. मी चादर बाजूला करून मायच्या मांडीला हात लावला. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर जी मांडी चढायची, तिचं कातडं माझ्या मुठीत सैल आलं. मी म्हटलं, मला शिकवा. तुम्ही दिवसातनं एकदा येणार, बाकीचं मी करीन. शिक्षिकेचा स्वभाव. गृहपाठ दिला की तो झाला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तिला बसवलं. एक सिस्टर नळीपाशी, एक पाठीशी, फरहीन गुडघ्यांपाशी, आणि मी समोर उभी. खाटेच्या कडेवरून पाय खाली सोडले. मान पुढं लवंडत होती, फरहीन ती हातानं वर धरत होती. मायला बोलता येत नव्हतं. ती नुसती माझ्याकडं बघत होती, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी गळत होतं. फरहीन म्हणाली, नळीमुळं येतं पाणी. असेलही. दाराच्या काचेपलीकडं दत्ता उभा होता. मी बाहेर आले तर त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीकडं बघून बोलला. 'आक्का, कावून छळायलीस तिला? माणसं मरायला टेकल्यावर तरी अंगाला हात लावू नये गं.' मी त्याला गॅरेजची गोष्ट सांगायला लागले. तो म्हणाला, 'माय हाय ती. फटफटी न्हाई.'

मला आठवतं ते एका थंडीतलं. मी सहा-सात वर्षांची असेन. मायला कोपीत ताप भरला होता. गोधडीत मी तिला चिकटून झोपले होते आणि तिच्या अंगाच्या वाफेनं मला छान ऊब आली होती. पहाटे बाहेर हाक आली. 'ए कौसे, ऊठ.' माय म्हणाली, 'उठले, उठले,' आणि खरंच उठायला लागली. मी तिचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि म्हणाले, जाऊ नको. तिनं माझं एकेक बोट सोडवलं, रागानं नाही, धान्यातले खडे निवडावेत तशी निवडून. ती गेली. बराच वेळ मी तिच्या उबेच्या जागेवर पडून होते. तिथं मी ठरवलं होतं की मोठी झाले की मायला झोपू देणार. लहान पोरं काहीबाही ठरवतात. पण मी ते विसरले नव्हते. शिकले, नोकरी धरली, भांडून भांडून तिची तोड बंद केली, ते त्याच एका हट्टापायी.

नळी निघाली. आता तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. आवाज घोगरा, कुणा दुसरीचाच वाटावा असा. आम्हाला वाटलं जिंकलो, पण माय वेगळ्याच ठिकाणी होती. आयसीयूतले बरेच पेशंट काही दिवस असे भ्रमात असतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं, उतरेल. ती सिस्टरला टोळीतल्या कुणा बाईच्या नावानं हाक मारायची, पाचट पेटलंय का विचारायची. शेजारच्या खाटेचं मशीन वाजलं की दचकून म्हणायची, 'भोंगा झाला का?' कारखान्याचा भोंगा. आणि फरहीन उभं करायला आली की अंग टाकून द्यायची. बसायची, पण उभी राहायची नाही. डोळे मिटून घ्यायची. फरहीननं गोडीनं सांगून बघितलं. मी सांगून बघितलं. माय, ऊठ गं. माय, एकदा तळवे टेक. माय, माझ्यासाठी. ती मास्कमधून म्हणायची, 'झोपू दे गं बाई.' असं दोन-तीनदा झालं. शेजारच्या खाटेवरच्या एका काकांना घरच्यांनी बसवूच दिलं नव्हतं, बिचाऱ्यांना कशाला त्रास म्हणून. ते बरे होऊन घरी निघाले तेव्हा त्यांना चौघांनी उचलून न्यावं लागलं. मी ते बघितलं होतं. फरहीननं त्या सकाळी मायच्या कमरेचा आधाराचा पट्टा पुन्हा आवळला. म्हणाली, 'रोज असंच झालं ना ताई, तर मग अवघड हाय.'

मी मायच्या कानाशी वाकले. ठरवून नाही, पण नकळतही नाही. आपण काय करतोय हे मला पक्कं कळत होतं. कमरेवर हात ठेवला आणि तो आवाज काढला. 'ए कौसे, ऊठ. गाडी लागली फडाला.'

माय म्हणाली, 'उठले, उठले.'

आणि उठली. डोळे अजून मिटलेलेच होते. तळवे फरशीला लागले, गुडघे थरथरले, फरहीननं कमरेचा पट्टा धरला, सिस्टरनं काख धरली, आणि माझी माय उभी राहिली. एका हातानं ती डोक्यावरचा पदर चाचपत होती. अंगात दवाखान्याचा झगा होता, पदर नव्हता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. ती भ्यालेली होती. उशीर झाल्यासारखी.

फरहीन खूष झाली. 'माशाल्ला, आजी. ताई, काय बोललात हो तुमी? आम्हाला पण शिकवा.' मी म्हटलं, काही नाही, आईला हाक मारली. आईला नावानं कोण हाक मारतं? तीही अरेतुरेच्या 'ए' नं. आमच्यात भांडणात बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढतात, पण स्वतःच्या आईचं नाव तोंडातून काढत नाहीत. दत्ता दारात होता. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तो मायच्या चपला घेऊन आला होता. तो आवाज त्याच्याही ओळखीचा होता. झोळीतून उतरल्यावर तोही तोच ऐकत मोठा झाला. चपला त्यानं उंबऱ्यापाशी ठेवल्या, जोडून, नीट. 'बाप मेला, मुकादम मेला,' तो म्हणाला, 'आता तू ऱ्हायलीस व्हय.'

एकदा झालं असतं तर मी स्वतःला समजावलं असतं, वेळ तशी होती. पण दुसऱ्या दिवशी फरहीन आली, माय पुन्हा डोळे मिटून पडली, आणि मी पुन्हा वाकले. तिसऱ्या दिवशीही. खुर्चीत बसली ती त्या हाकेवर. खिडकीपर्यंत गेली ती त्या हाकेवर. वॉर्डात हलवल्यावर वॉकर धरून दारापर्यंत गेली तेव्हा मला हाक मारावी लागली नाही, ती स्वतःच उठली, आणि त्या दिवशी जिन्याखाली मी जी रडले ती आनंदानं रडले असं सगळ्यांना वाटलं. चहावाला कपभर गोड चहा देऊन गेला. म्हणाला, 'आराम पडला ना आता म्हातारीला, मग कशाला रडता बाई?'

फरहीनचं काही चुकलं नव्हतं. हे मी माझ्याशी वाद घालताना नेहमी आधी म्हणून घेते. तिनं मायचे पाय वाचवले. दत्ताही आता मानतो. फरहीनच्या लग्नात तो सीताफळांची पाटी घेऊन गेला होता आणि पोटभर जेवून आला. चुकलं असलंच तर ते पायांचं नाही, आवाजाचं. उठवायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं का? चाळीस पोरांना रोज उभं करणारी बाई मी, आणि माझ्या मायला उभं करायला मला तोच आवाज सापडावा, ज्याच्यापासून तिला सोडवायचं म्हणून मी शिकले होते. कधी वाटतं, तिच्या अंगात तो एकच हुकूम एवढा खोल गेला होता की तिथवर बाकी कुणाची हाक पोचतच नव्हती. मग वाटतं, हे मी सोयीचं बोलतेय. मग ट्रॅक्टर जातो, आणि विचार तिथंच राहतो.

आता माय माझ्याजवळ असते, बीडला. चालते. पायरी चढताना कठडा धरते एवढंच. भाजीवाल्याशी घासाघीस करते, गच्चीवर वडे घालते, मी शाळेतून आले की माझ्याच स्वयंपाकघरात मला बसा म्हणते. कुणी भेटायला आलं की विचारतं, 'आराम हाय का कौसाबाई?' तिचं उत्तर ठरलेलं. 'आराम कुठला? पोरगी मुकादम निघाली.' सगळे हसतात. दवाखान्यातलं पुष्कळसं तिला आठवत नाही, हे मात्र आठवतं. ती रंगवून सांगते, फरहीनचा चष्मा, मशीनचा भोंगा, माझी हाक. मीही हसते. हसण्याच्या त्या घोळक्यात मी सहा वर्षांची असते, कमरेवर हात ठेवलेली, आणि माय पदर तोंडाला लावून हसत असते.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघीच होतो. ती खिडकीशी बसून सीताफळ खात होती, बिया तळहातावर काढून परातीत टाकत होती. खालून दोन ट्रॅक्टर गेले. ट्रॉलीतल्या एका बाईनं वर बघितलं, मायनं तिला ओळख नसताना हात केला. मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर काही आलं तरी मला नकोच होतं.

'माय, तवा तुला खरंच मुकादम वाटला व्हता का गं? का माझा आवाज कळला व्हता?'

ती बी जिभेवर घोळवत राहिली. मग म्हणाली, 'मुकादमच वाटला. म्हणून तर उठले.'

'अन् मी हाय हे कळलं असतं तर?'

'तर कशाला उठते?' ती सहज बोलली, जगात याहून सोपं काही नसावं तसं. 'तू हायस म्हणून तर मी आडवी झालते. म्हणलं, पोरगी हाय उशाशी. आता कोण उठवतंय मला.'

 तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. तिनं परात बाजूला सारली, पदराला हात पुसले, आणि माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटतं तेव्हा तिला कळलं की हे मी इतकी वर्षं उराशी धरून बसलेय. पण समजूत घालणं तिच्या स्वभावात नाही. ती जागच्या जागी सतरंजीवर कलंडली. भर दुपारी, मी समोर असताना, पाय लांब करून. असं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

'झोपते घडीभर,' ती म्हणाली. 'लई वेळ पडू देऊ नको, ती चष्म्याची पोरगी रागावल. चहाच्या टायमाला उठव.' डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच पुढं बोलली, 'पर माय म्हणून उठव.'

मी खिडकी लावून घेतली, कारण आणखी एक ट्रॅक्टर येत होता. चहाची वेळ झाली तसं आधण ठेवलं, आलं ठेचलं, आणि तिच्या उशाशी जाऊन उभी राहिले. हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच गेलं नाही. मग जरा खाली बसले, आणि पुन्हा मारली.